व्यसन सुटण्याची वाट पाहत औषध थांबवू नये

या वेळच्या टपालात आलेली निम्म्याहून अधिक पत्रे एकाच दुहेरी दुखण्याविषयी आहेत. घरातल्या माणसाला व्यसन आहे आणि त्याला भास होतात किंवा टोकाचा संशय येतो. मग आधी कशाचा उपचार करायचा, या प्रश्नावर सारे घर अडून बसलेले आहे. मनोविकारतज्ज्ञ म्हणून माझे अनेक वर्षे याच रुग्णांशी काम आहे, म्हणून हे सदर पूर्णपणे याच विषयाला देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. पुण्यात शिकायला असताना तो गांजा ओढू लागला. आठ महिन्यांपासून त्याला वाटते, की शेजारचे लोक त्याच्यावर पाळत ठेवतात, मोबाइलमधून त्याचे विचार ऐकतात. रात्री तो भिंतीला कान लावून बसतो. डॉक्टरांनी ओलॅन्झापिन सुरू केले. पण व्यसनमुक्ती केंद्रातल्या माणसाने सांगितले, की 'या गोळ्या म्हणजे दुसरी नशाच, आधी गांजा सुटू दे, मग बघू.' आम्ही गोळ्या बंद केल्या. गांजा सुटला नाही आणि संशय दुप्पट झाला. आमचे काय चुकले? (एक आई, सांगली जिल्हा)

उत्तर : तुमचा हेतू चुकला नाही, तुम्हाला मिळालेला सल्ला चुकीचा होता. हा सल्ला मी इतक्या घरांतून ऐकला आहे, की त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यायला हवे.

'गोळ्या म्हणजे दुसरी नशा' हे वाक्य ज्या गोळ्यांना लागू पडते, त्या वेगळ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या झोपेच्या किंवा चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, डोस वाढवावासा वाटतो, आणि व्यसनी माणसाच्या हातात त्यांची पूर्ण पट्टी देणे धोक्याचे असते. ओलॅन्झापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, अ‍ॅरिपिप्राझोल ही अँटिसायकोटिक, म्हणजे भास व संशय कमी करणारी, औषधे त्या जातीची नाहीत. ती घेतल्याने तरतरी किंवा आनंद मिळत नाही, त्यांची तलफ येत नाही. उलट बहुतेक रुग्ण ती टाळण्याची सबब शोधत असतात. एकाच पिशवीत दोन्ही प्रकारच्या गोळ्या असतात, दोन्हींनी झोप येते, म्हणून घरच्यांना आणि कधीकधी केंद्रातल्या कार्यकर्त्यांनाही त्या सारख्याच वाटतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना प्रत्येक गोळीसमोर ती कशासाठी आहे हे मराठीत लिहून द्यायला सांगा.

आता मुख्य मुद्दा. मेंदूच्या काही भागांत डोपामिन या रसायनाचा जोर वाढला, की माणसाला साध्या गोष्टींतही आपल्याशी संबंधित असा काहीतरी गूढ अर्थ दिसू लागतो. शेजाऱ्याने खिडकी लावली, तर ती आपल्यासाठीच लावली, असे वाटते. अँटिसायकोटिक औषधे डोपामिनचा हा जोर, पेशींवर ते जिथे चिकटते त्या जागांपाशीच (रिसेप्टर) अडवतात, आणि गांजा ओढणाऱ्या माणसाच्या मेंदूतही ते काम करतात. गांजा चालू असेल तर परिणाम कमी-अधिक होतो हे खरे, पण 'कमी परिणाम' आणि 'परिणामच नाही' यांत फार मोठे अंतर आहे. भिंतीला कान लावून बसलेल्या मुलाला तुम्ही समुपदेशनाच्या गटात बसवलेत, तर त्याला वाटेल की समोरचे दहा जण त्याच्याचबद्दल कुजबुजत आहेत. तो तिथून उठून जाईल आणि भीती विसरण्यासाठी पुन्हा चिलीम पेटवेल. आधी भीती थोडी ओसरली, तरच व्यसनाबद्दलचे बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचते. म्हणून दोन्ही उपचार एकाच वेळी, आणि शक्यतो एकाच ठिकाणी चालायला हवेत. मनोविकाराचे डॉक्टर आणि व्यसनमुक्ती केंद्र वेगळे असेल, तर निदान दोघांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या पाहायला हव्यात.

हा आजार गांजामुळे आला की मुळातच होता, असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. नशेमुळे आलेली लक्षणे नशा पूर्ण थांबल्यावर साधारण महिन्याभरात बरीच ओसरतात. त्यानंतरही ती तशीच राहिली, तर स्वतंत्र मनोविकाराची शक्यता बळावते. पण तुमच्या मुलाचा गांजा थांबलेलाच नाही, त्यामुळे आज हा निवाडा करता येत नाही, आणि त्यासाठी उपचार थांबवून ठेवण्याचीही गरज नाही. डेन्मार्कमधल्या राष्ट्रीय नोंदींवर आधारित एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात गांजामुळे सायकोसिस (भास, भ्रम होऊन वास्तवाचे भान सुटण्याची अवस्था) झाल्याचे निदान झालेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांना पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर हा दीर्घकाळचा मनोविकार झाल्याचे आढळले. 'नशा उतरली की सगळे उतरेल' असे मानून वर्ष-दोन वर्षे घालवणे किती महाग पडू शकते, हे या आकड्यावरून दिसते.

गोळ्या पुन्हा सुरू करण्यासाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा गांजाचे सगळे खरे सांगा: किती, कधी, शेवटचा केव्हा. पोलिसांत कळेल या भीतीने अनेक आईवडील ते लपवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि त्याला अपवाद मोजके आहेत. त्याच कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांनाही मानसिक आजारातच धरले आहे, त्यामुळे 'व्यसनी आहे, आमच्याकडे नको' असे म्हणून त्याला परत पाठवणे योग्य नाही. आणखी एक गोष्ट: रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीच्या तपासणीत गांजा सोडल्यानंतरही कित्येक आठवडे अंश सापडू शकतो. तेवढ्यावरून त्याला खोटारडा ठरवू नका.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, की भीती आणि अस्वस्थता एक-दोन आठवड्यांत कमी होऊ लागेल. संशय पूर्ण मावळायला चार ते सहा आठवडे किंवा अधिकही लागतात. ओलॅन्झापिनने भूक व वजन वाढते, म्हणून सुरुवातीलाच वजन, कमरेचा घेर, साखर आणि चरबीची तपासणी करून घ्या आणि ती ठरावीक काळाने पुन्हा करा. गोळ्या सारख्या चुकत असतील, तर दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन मिळते. फ्लुफेनाझिन आणि हॅलोपेरिडॉल यांची अशी इंजेक्शने जुनी आणि स्वस्त आहेत, पॅलिपेरिडोनचे नवे आणि महाग आहे. व्यसन असलेल्या रुग्णांसाठी मी हा पर्याय लवकर सुचवतो, कारण 'गोळी घेतलीस का?' हे रोजचे भांडण त्यामुळे घरातून जाते.

प्रश्न : माझे पती रोज दारू पितात. दोन वर्षांपासून ते माझ्या चारित्र्यावर संशय घेतात. जेवणात मी काहीतरी कालवते, असेही त्यांना वाटते. दवाखान्यात यायला तयार नाहीत. एका ओळखीच्या माणसाने संशय कमी व्हावा म्हणून थेंब आणून दिले आहेत, ते मी सकाळच्या चहात टाकते. सासूबाईंनी दारू सोडवण्याची पावडरही आणली आहे. ती भाजीत दिली तर चालेल का? (एक वाचक, नाशिक जिल्हा)

उत्तर : पावडर अजिबात देऊ नका. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि सर्वांत आधी हेच लिहावेसे वाटले.

दारू सोडवण्यासाठी चोरून दिल्या जाणाऱ्या पावडरीत पुष्कळदा डायसल्फिराम असते. ते पोटात असताना माणूस दारू प्यायला, तर चेहरा लाल होतो, धडधड आणि उलट्या सुरू होतात, रक्तदाब कोसळतो. क्वचित जीवही जातो. शेवटच्या डोसनंतर जवळजवळ दोन आठवडे हा धोका राहतो. हे औषध वाईट नाही. ज्याने समजून-उमजून ते घ्यायचे ठरवले, त्याला ते कामी येते. पण ज्याला भास व संशय आहेत त्याला ते देऊच नये, कारण त्याने सायकोसिस वाढू शकतो.

आता थेंबांविषयी. तुम्ही ते का देता हे मला कळते. ज्या घरात रोज रात्री मार आणि शिवीगाळ आहे, त्या घरातल्या बाईला कायद्याचे धडे देण्याचा मला अधिकार नाही. तरीही हे ऐका. तुमच्या पतीचा भ्रमच असा आहे, की बायको जेवणात काहीतरी कालवते. ज्या दिवशी त्यांना चहाच्या कपाशी ती बाटली दिसेल, त्या दिवशी त्यांचा भ्रम भ्रम राहणार नाही. त्यांच्या हाती पुरावा येईल. त्यानंतर ते तुमच्या हातचे पाणीही पिणार नाहीत आणि कोणत्याही डॉक्टरावर विश्वास ठेवणार नाहीत. शिवाय तपासणी न करता, कोणते औषध आणि किती हे ठाऊक नसताना ते दिले जात आहे. अचानक मान एका बाजूला वळून अडकली, डोळे वर गेले, जीभ जड झाली, तर हा औषधाचा दुष्परिणाम आहे हे दवाखान्यात कोण सांगणार? तुम्ही सांगू शकाल का? साधी गोष्ट म्हणजे, हे थेंब रिस्पेरिडोनचे असतील, तर ते चहात मिसळायचेच नसतात. पाण्यात, दुधात किंवा संत्र्याच्या रसात चालतात. चहात आणि कोलात नाही, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकातच दिलेले असते. म्हणजे तुम्ही एवढी जोखीम घेऊन दिलेला डोस त्यांच्या पोटात नीट जातो की नाही, हेही नक्की नाही.

मग काय करायचे? बाटली घेऊन तुम्ही एकट्या जवळच्या जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात जा. रुग्ण सोबत नसला तरी नातेवाइकाचे म्हणणे ऐकून घेता येते. बंद करायचे की कसे, हे तिथेच ठरवा. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. पतीशी बोलताना संशयावर वाद घालू नका. झोप लागत नाही, हात थरथरतात, पित्त होते, यांपैकी त्यांना स्वतःला ज्याचा त्रास होतो ते धरून 'त्यासाठी दाखवून येऊ' म्हणा. मी पाहिलेले बहुतेक संशयी रुग्ण पहिल्यांदा झोपेच्या तक्रारीसाठी आले. ते कशालाच तयार नसतील आणि स्वतःच्या किंवा तुमच्या जिवाला धोका असेल, तर २०१७ च्या कायद्यातील कलम ८९ नुसार, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने निर्णयांत मदत करणाऱ्या व्यक्तीच्या) अर्जावरून ३० दिवसांपर्यंत दाखल करण्याची सोय आहे.

आणि दारूसोबतचा चारित्र्याचा संशय ही बायकोच्या जिवाला खरोखर धोका असलेली अवस्था आहे. ही अतिशयोक्ती नव्हे. कोयता, कुऱ्हाड, कीटकनाशक घरात ठेवू नका. रात्री कोणाच्या दारात जायचे हे आज ठरवून ठेवा, त्या शेजारणीला सांगून ठेवा, आणि ११२ वर फोन करायला कचरू नका.

प्रश्न : भाऊ दारू पिऊन आला, तर त्या रात्री मानसिक आजाराची गोळी द्यावी का? (वाचक, लातूर)

उत्तर : तो गुंगीत असेल, हाक मारून नीट उठत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा, श्वासाकडे लक्ष ठेवा आणि उठवता येत नसेल तर दवाखाना गाठा. झोपेच्या गोळ्या दारूवर कधीच देऊ नयेत, श्वास मंदावतो. चालता-बोलता असेल तर अँटिसायकोटिक गोळीबाबत काय करायचे, हे डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठीवर लिहून घ्या, कारण ते औषधागणिक बदलते. पण एक रात्र चुकली म्हणून सकाळीही चुकवायची, मग 'पितोच आहे तर कशाला' म्हणून आठवडा चुकवायचा, हे करू नका. बहुतेक रुग्ण दारूच्या एका रात्रीने नव्हे, तर त्या आठवड्याने पुन्हा आजारी पडतात.

क्लोझापिन हे अँटिसायकोटिक औषध चालू असेल तर मात्र नियम कडक आहे. सलग ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला, तर जुना डोस एकदम परत सुरू करायचा नाही; १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावा लागतो, नाहीतर रक्तदाब कोसळू शकतो. तुमचा भाऊ पिऊन तीन-तीन दिवस घरी येत नाही असे लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

प्रश्न : माझ्या वडिलांना मनोरुग्णालयात क्लोझापिनवर खूप आराम पडला होता. घरी आल्यावर त्याच गोळ्या मी स्वतःच्या हाताने देतो, तरी महिन्याभरात आवाज परत आले. डॉक्टर म्हणतात, गोळ्या चुकवता. मी शपथेवर सांगतो, चुकवलेल्या नाहीत. (वाचक, सोलापूर)

उत्तर : मी तुमच्यावर विश्वास ठेवतो, आणि तुम्ही पत्रात सहज लिहिलेल्या एका वाक्यात कारण दडलेले असावे: 'घरी आल्यापासून विडी तेवढी वाढली आहे.'

धुरातल्या डांबरासारख्या घटकांमुळे यकृतातले एक विकर (एन्झाइम) जोमाने काम करू लागते आणि क्लोझापिन व ओलॅन्झापिन शरीरातून लवकर बाहेर टाकते. रुग्णालयात विडी बंद होती, तिथे जो डोस पुरला, तोच डोस रोज दोन बंडले ओढणाऱ्या माणसाला अपुरा पडू शकतो. हे काम निकोटिनचे नसून धुराचे आहे. म्हणून चुना-तंबाखू, मशेरी, गुटख्याने असे होत नाही (त्यांचे इतर अपाय आहेतच), आणि निकोटिनचा पॅच लावल्यानेही होत नाही.

याची उलटी बाजू अधिक धोकादायक आहे. डॉक्टरांनी डोस वाढवला आणि मग वडिलांनी छातीच्या दुखण्याने एकदम विडी सोडली, तर आठवड्याभरात रक्तातले औषध खूप वाढू शकते. दिवसभर गुंगी, लाळ गळणे, घट्ट बद्धकोष्ठ, झटके ही त्याची चिन्हे आहेत. विडी सोडणे चांगलेच, पण ती तारीख डॉक्टरांना आधी कळवा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी चालूच ठेवा; ती पहिले १८ आठवडे दर आठवड्याला लागते. डॉक्टरांकडे जाताना विडीचे बंडल सोबत न्या आणि दिवसाला किती, ते मोजून सांगा.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. दारू बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी थरथरणारे, घामाघूम, भिंतीवर किडे दिसणारे रुग्ण येतात. मी हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन देतो. ते बरोबर आहे का? (एक डॉक्टर)

उत्तर : एकट्या हॅलोपेरिडॉलने भागत नाही. शेवटच्या पेल्यानंतर ४८ ते ७२ तासांनी, दिशा-वेळेचे भान हरपून किडे, साप दिसू लागले, तर ते डिलिरियम ट्रेमेन्स आहे. त्याचा मुख्य उपचार लोराझेपाम किंवा डायझेपाम, जोडीला थायमिन (ब-१ जीवनसत्त्व), क्षारांची तपासणी आणि रुग्णालयात भरती हा आहे. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्या. अँटिसायकोटिक औषधाने आकडीचा उंबरठा खाली येतो, आणि अशा रुग्णाला आकडीचा धोका आधीच असतो. याउलट, भान पूर्ण शाबूत आहे, थरथर फारशी नाही, पण कानात शिव्या देणारे आवाज येत आहेत, असा दारुडा रुग्ण असेल, तर तो दारूमुळे आलेला सायकोसिस असू शकतो आणि तिथे अँटिसायकोटिक औषधाची जागा आहे. दोघेही 'मला दिसते, मला ऐकू येते' असेच सांगतात. त्याला आजचा वार विचारा. बहुतेक वेळा तिथेच फरक कळतो.

प्रश्न : हे पत्र मी स्वतःसाठी लिहीत आहे. वय २९. गांजा सोडून ११ महिने झाले. आवाज येणे सात महिन्यांपूर्वी थांबले. रिस्पेरिडोन चालू आहे. अंग जड वाटते, एका जागी बसवत नाही, पाय हलवावेसे वाटतात. लग्नाचे बोलणे चालू आहे. गोळ्या बंद करू का? (वाचक, ठाणे)

उत्तर : अकरा महिने गांजाशिवाय राहणे किती अवघड असते, हे मी रोज पाहतो. त्याबद्दल तुमचे मनापासून कौतुक.

एका जागी न बसवणे हा औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. तुमची चंचलता वाढलेली नाही, आणि इच्छाशक्ती कमी पडलेली नाही. डोस कमी करून, औषध बदलून किंवा प्रोप्रॅनोलॉल देऊन तो बहुधा आटोक्यात येतो. अनेक रुग्ण हा त्रास डॉक्टरांना न सांगता गोळीच बंद करतात, किंवा पाय शांत करण्यासाठी पुन्हा नशेकडे वळतात. तुम्ही या आठवड्यात डॉक्टरांना एवढेच सांगा: 'बसवत नाही.' स्तनांना फुगवटा येणे आणि कामेच्छा कमी होणे हेही रिस्पेरिडोनने होऊ शकते; लग्नाच्या बोलण्यामुळे तेही मनात असेल, तर संकोच न करता विचारा.

बंद करण्याविषयी: तुमचे आवाज गांजा सोडल्यानंतर चार महिने चालू होते, त्यामुळे ते केवळ नशेचे होते असे मी धरून चालणार नाही. अशा पहिल्या झटक्यात आवाज थांबल्यानंतरही साधारण वर्ष ते दोन वर्षे औषध ठेवावे लागते. त्यानंतर ते एकदम नव्हे, तर काही महिने घेऊन थोडे थोडे उतरवतात, आणि तेही नोकरी बदलताना किंवा लग्नाच्या धावपळीत नव्हे. होणाऱ्या पत्नीला आजार आणि गांजा या दोन्हींबद्दल लग्नाआधी सांगा. नंतर गोळ्या लपवून घेणाऱ्यांच्या गोळ्या लवकर बंद पडतात.

आवाज येण्याच्या पंधरवडाभर आधी झोप तीन तासांवर आली होती आणि ते फक्त बहिणीच्या लक्षात आले होते, असे तुम्ही लिहिले आहे. हे बहिणीला सांगा, आणि डॉक्टरांचा नंबर तिच्याजवळ देऊन ठेवा. पुन्हा सलग तीन रात्री झोप तशीच कमी झाली, तर तुम्हाला न विचारता तिने फोन करायचा, हे दोघांनी आजच ठरवून टाका.